गुंठ्याचे वर्गमूळ

लातूर आणि नांदेड या शहरांचे नाव राज्यभर घेतले जाते ते बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी. सातवी-आठवीच्या गणिताची चर्चा मात्र तिच्या पासंगालाही पुरत नाही. अकरावीत गणिताला घाबरणाऱ्या मुलाची अडचण बहुतेक वेळा याच दोन वर्षांत रुजलेली असते, असे आमचे मत आहे.

०.४५ मोठे की ०.५, असे विचारले की बरीच मुले ०.४५ म्हणतात, पंचेचाळीस पाचापेक्षा मोठेच ना! यात हलगर्जीपणा नाही. पूर्ण संख्यांचा नियम मूल दशांशाला लावते, एवढेच. अशा वेळी घरचा सातबारा वर्गात आणावा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते आणि १ हेक्टर म्हणजे १०० आर. मग ०.५० म्हणजे ५० आर, ०.४५ म्हणजे ४५ आर आणि ०.०५ म्हणजे जेमतेम ५ आर. शून्याची जागा चुकली तर केवढे रान हातचे जाते, हे शेतकऱ्याच्या मुलाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

पुढे वाटणी घ्या. एकराचे गुंठे ४०. तिघा भावांत प्रत्येकी ४०/३, म्हणजे १३.३३३… गुंठे. सात वारस असतील तर ५.७१४२८५७१४२८५… आकडे संपत नाहीत, पण ७१४२८५ हा गट पुन्हा पुन्हा येतो. का येतो? सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. सातव्या पायरीपर्यंत जुनी बाकी परत आलीच पाहिजे, आणि ती आली की आकडेही तेच. म्हणूनच प्रत्येक परिमेय संख्येचे दशांश रूप एकतर खंडित असते, नाहीतर आवर्ती. सव्वा, दीड, अडीच बोलणाऱ्या घरात परिमेय संख्या आधीपासूनच नांदतात. पूर्वी तर पावकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करून घेत.

वर्गमुळासाठीही लांब जायला नको. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ चे वर्गमूळ नेमके ३३. चौरस गुंठ्याची बाजू ३३ फूट. आता दोन गुंठ्यांचा चौरस आखायचा आहे. क्षेत्रफळ २१७८. ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९. बाजू त्यांच्या मध्ये कुठेतरी. ४६.६ कमी पडते, ४६.७ जास्त होते. कितीही पुढे गेलो तरी आकडे संपत नाहीत आणि कोणताही गट कायमचा आवर्तत नाही, कारण ही बाजू ३३√२ आहे आणि √२ अपरिमेय आहे. √२ हा संक्षिप्त रूपातला p/q मानला तर p² = २q²; मग p सम, त्यामुळे q ही सम, आणि संक्षिप्त रूपाचे गृहीतकच कोसळते.

तरीही ही लांबी रानात सहज सापडते. एका गुंठ्याच्या चौरसाच्या कर्णावर दोरी ताणा. तीच दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू. यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या बौधायन शुल्बसूत्रात हा नियम आहे, आणि तिथे दिलेल्या रीतीने √२ ची किंमत ५७७/४०८ येते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक अवघ्या एकाचा! आठवीच्या मुलाला हा गुणाकार स्वतः करू द्यावा. २२/७ हीच π ची खरी किंमत, असे समजणाऱ्या मुलाला जवळची किंमत आणि नेमकी किंमत यांतला भेद इथे कळेल.

बालभारतीच्या आठवीच्या गणितात पहिलाच पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे आणि √२ संख्यारेषेवर दाखवलेली आहे. फळ्यावरची ही आकृती मैदानावर उतरवायला मोजपट्टी, चार खुंट्या आणि दोरी पुरे. दोन्ही जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांनी त्यासाठी एक जादा तासिका द्यावी.