परिपत्रक आणि कायदा

विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ ही त्रयी फळ्यावर लिहिली, तिघांची कामे तीन वाक्यांत सांगितली आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली, की नागरिकशास्त्राचे आम्ही शिक्षक कृतकृत्य होतो. परीक्षेत तीच वाक्ये परत येतात, त्यांना गुण मिळतात, आणि राज्यघटना पुढील वर्षापर्यंत कपाटात जाते. मागे एकदा नववीच्या वर्गात शाळेच्या एका लहानशा नियमावरून बोलणे निघाले असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, हा नियम कोणी केला?" "वरून आला आहे," एवढेच सांगून आम्ही त्याला खाली बसविले. उत्तर खोटे नव्हते. परंतु घरी गेल्यावर ते आम्हांस टोचू लागले. त्या वेळी जे सांगावयास हवे होते, ते आज येथे लिहीत आहोत.

केरळातील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे ते कुटुंब. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत सुरू झाले की ही मुले इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. ईश्वराच्या प्रार्थनेवाचून अन्य कशातही सहभागी होऊ नये, अशी त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षे कोणाला त्याचे काही वाटले नाही. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या ते लक्षात आले व त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. मुले कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा त्यांनी अनादर केलेला नाही, असाच अहवाल आला. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकाबाईंनी २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेतून काढून टाकले. वडिलांनी विनवणी केली, तेव्हा बाईंनी आपली असहायता लेखी कळविली. त्या पत्राचा विचार मनात आला की आम्हांस त्या बाईंचा राग येत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर बहुधा तेच केले असते.

प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे राष्ट्रगीतातील शब्दन् शब्द तपासण्यात आला, आणि कोणाच्याही धर्मभावनेस धक्का लागेल असे त्यात काही नाही म्हणून मुलांची मागणी फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला, आणि प्रश्न असा नव्हेच, असे सांगितले. राष्ट्रगीत थोर आहे की नाही, हा वादच नव्हता. या मुलांना गावयास भाग पाडण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, हा खरा प्रश्न.

शोध घेता तसा कायदा सापडेना! राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्ध संसदेने १९७१ मध्ये कायदा केला आहे. पण राष्ट्रगीत गाण्यास बुद्ध्या अडथळा आणणारा किंवा गाणाऱ्या समुदायात गोंधळ माजविणारा त्याखाली दोषी ठरतो, मुकाट्याने उभा राहणारा नव्हे. मग उरली खात्याची दोन परिपत्रके, १९६१ व १९७० सालची. त्यांच्या पाठीशी विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यात मौनाचे स्वातंत्र्यही येते आणि २५ वा अनुच्छेद श्रद्धेचे रक्षण करतो. त्यांवर बंधन घालावयाचे तर घटनेच्या मर्यादेत राहून केलेला कायदा हवा, खातेप्रमुखाची सही पुरेशी नाही. मुलांना शाळेत परत घ्यावे, असा आदेश झाला.

काही पालक विचारतील, "मग शाळेत शिस्त ती काय राहिली?" राष्ट्रगीताच्या वेळी आमच्याही अंगावर रोमांच उभे राहतात, आणि ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आमचे मन खात्याच्याच बाजूचे होते. परंतु न्यायालयाने अनादराला मोकळीक दिलेली नाही. उभे राहण्यातच योग्य तो आदर आहे, असे म्हटले आहे. विधानसभेलाही त्याने दरडावले नाही. विधानसभेला तसा कायदा करावयाचा असता तर ती करू शकली असती, आणि मग तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर उतरतो की नाही, हे न्यायालयाने पाहिले असते. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याचे काम त्याने करावे. परिपत्रकाने कायद्याचा अंगरखा घालून मिरवू नये.

आम्हां गोमंतकीयांना तर याचे मोल अधिक कळावे. पोर्तुगीज अमलात लग्नाच्या पत्रिकेलाही सरकारी तपासनिसाची मान्यता लागे, असे आमच्या घरची वडीलधारी माणसे सांगत. "कोणत्या कायद्याने?" असे त्या काळी विचारणार कोणाला? १८ जून १९४६ रोजी मडगावास डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली, ती हेच विचारण्यासाठी.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर शिक्षकांच्या खोलीत बोलाविले व नियमाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. खाली सही होती, तारीख होती. कोणत्या कायद्यान्वये, त्याचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. दोघांनी मिळून तो कागद दोनदा वाचला. आता आम्ही त्याबद्दल वरच्या कचेरीस पत्र लिहिले आहे.