न विचारता घेतलेलं

मैत्रिणींनो, आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण आपल्या दारातलाच आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी घरी केलेले मुगाचे पापड, खाकरे आणि मेतकूट विकते. भाच्याने त्यासाठी छोटी वेबसाइट करून दिली आहे. जर्मनी, नेदरलँड्समधल्या आपल्या लेकीबाळी ऑर्डरी देऊ लागल्या, तेव्हा तिकडच्या कायद्यासाठी त्याने कुकीची पट्टी लावली. तिच्यावर ठळक हिरवं बटण होतं, ‘मान्य आहे’. नाही म्हणायचं असेल तर ‘अधिक माहिती’त जायचं, तिथून सेटिंगमध्ये, आणि तिथे आधीच केलेल्या बरोबरच्या खुणा एकेक करून काढायच्या.

मी म्हटलं, “अरे, नाही म्हणणाऱ्यालाच एवढी पायपीट का?”

“मावशी, सगळे असंच करतात. नकार सोपा ठेवला तर निम्मे लोक नकोच म्हणतील.”

रात्री पोळ्या लाटताना तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. सरळ विचारल्यावर जो नाही म्हणेल, त्याच्याकडून आडवळणाने होकार काढायचा, तर त्याला संमती कसं म्हणायचं? आपल्या अणुव्रतांत अचौर्य आहे. चोरी म्हणजे नुसतं कुणाचं कपाट फोडणं नव्हे, न दिलेलं घेणं हीसुद्धा चोरीच.

कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी 1994 साली ती शोधली. टोपलीत काय टाकलंय ते लक्षात ठेवणारी चिठ्ठी गरजेचीच आहे, तिला परवानगी लागत नाही. पण जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या गिऱ्हाइकामागे या दुकानातून त्या दुकानात फिरतात. त्या ठेवण्याआधी विचारायला हवं.

युरोपात जीडीपीआर 25 मे 2018 पासून लागू आहे. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल तिथल्या न्यायालयाने 2019 मध्ये दिला. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेने तर जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण हेच, की होकार एका टिचकीत होता आणि नकार तितका सोपा नव्हता. आपल्याकडचा 2023 चा कायदाही म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. संमती मागताना मराठीत वाचण्याची सोय ठेवा, असंही त्यात आहे.

मग आम्ही दोघांनी साइट खाजगी विंडोत उघडून पाहिली. पट्टीला हातही लावला नव्हता, तरी जाहिरातीच्या कुकी बसलेल्या होत्या! म्हणजे पट्टी नुसती तोरणासारखी टांगलेली. भाचा ओशाळला. त्याने त्या स्क्रिप्ट होकार येईपर्यंत रोखून धरल्या. ‘मान्य आहे’ आणि ‘नको’ ही दोन्ही बटणं शेजारी, एकाच आकाराची, एकाच रंगाची केली. कशासाठी विचारतोय ते दोन ओळींत साध्या मराठीत लिहिलं. पानाच्या तळाशी ‘निर्णय बदला’ अशी लिंक ठेवली.

खोटं कशाला सांगू, तोटा झालाच. आता किती जणी येऊन गेल्या, कुठून आल्या, हे पूर्वीसारखं कळत नाही. जाहिरात कुठे द्यायची याचा अंदाज बांधणं अवघड झालंय. भाचा अजूनही कुरकुरतो. त्याचं चुकतंय असं नाही, धंदा आहे शेवटी. पण तो हिशेब गिऱ्हाइकांनी न दिलेल्या गोष्टींवर उभा होता. आता ऑर्डर आली की मी फोनवर विचारते, “ताई, आमचं नाव कुठे कळलं?” बहुतेक जणी आनंदाने सांगतात.

तुमच्यापैकी कुणाची मसाल्यांची, साड्यांची साइट असेल तर आजच खाजगी विंडोत उघडून बघा. बटण दाबण्याआधी काय बसतंय ते पाहा. आणि करून देणाऱ्या मुलाला विचारा, “नको म्हणायचं बटण कुठे आहे रे?”