जुने व्यसन आणि नोकरीची पडताळणी

केळशी-दापोलीच्या घरांतून अनेक मुले पोलीस दलाची, तटरक्षक दलाची किंवा जहाजावरील नोकरीची उमेद बाळगतात. याच किनाऱ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये चरसची पाकिटे वाहून आली होती. अमली पदार्थ हा केवळ शहरांचा प्रश्न आहे, ही समजूत तेव्हाच गळून पडायला हवी होती.

पालक दबक्या आवाजात विचारतात, “मुलगा कॉलेजात गांजा ओढत असे. उपचार घेतले तर नोंद होऊन नोकरी हुकेल का?” या भीतीपोटी उपचार लांबतात आणि व्यसन मुरते.

उपचारांची नोंद आणि पोलिसांची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाधीनतेचाही विचार करतो आणि मोजके अपवाद वगळता रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्यास सांगतो. चारित्र्य पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात मुख्यतः अटक, गुन्हा, खटला व शिक्षा यांविषयी विचारणा असते.

गुन्हा नोंदलेला असेल, तर तो दडवू नये. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय तपशिलाने हाताळला. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळेलच असे नाही. मात्र महत्त्वाची माहिती लपवणे हेच नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते. किरकोळ प्रकरणात उमेदवाराचे तरुण वय विचारात घेता येते.

वैद्यकीय तपासणी ही आणखी वेगळी पायरी. जुन्या व्यसनाविषयी विचारल्यास तेथेही खरेच लिहावे. गांजाचा अंश क्वचित सेवन करणाऱ्याच्या लघवीत काही दिवस, तर नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडू शकतो. भरपूर पाणी किंवा काढे पिऊन त्यातून सुटका होईल, या भ्रमात राहू नये. जहाजावर तर नोकरी लागल्यावरही चाचणी होऊ शकते.

अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ व्यसनी व्यक्तीला एक वाट देते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्याने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

म्हणून अर्ज भरण्याची वाट पाहू नका. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी विनामूल्य आहे. मुलाला आधी बरे होऊ द्या. अर्जात मग त्याला खरे लिहिता येईल.