जुन्या नाटकांची भाषा : घोडं नेमकं कुठे अडतं?

परवा ऑफिसात जेवताना जुन्या संगीत नाटकांचा विषय निघाला आणि एका सहकाऱ्याने लगेच निकाल दिला, "भाषाच कळत नाही रे. आजच्या मराठीत पुन्हा लिहून काढा, मग येऊ बघायला." टेबलावरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे जुनं काही दिसलं की 'रीराइट करू' हाच पहिला उपाय सुचतो. माझं मत नेमकं उलटं आहे. ही नाटकं आहेत तशीच ठेवावीत, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे 'जुनं म्हणून अवघड' हे गणितच बरोबर नाही. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं, गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ सालचं. हिशोबाने 'शारदा' जास्त कठीण वाटायला हवं. प्रत्यक्षात देवलांची माणसं घरातल्यासारखी बोलतात आणि आपण अडखळतो ते गडकऱ्यांपाशी. कारण सोपं आहे. गडकऱ्यांची ती लांबलचक, कोट्यांनी आणि अनुप्रासांनी लगडलेली वाक्यं १९१९ सालीसुद्धा कुणी घरी बोलत नव्हतं. ती भाषा तेव्हाही खास रंगभूमीची होती, आणि लोक पैसे देऊन तीच ऐकायला येत होते. म्हणजे दोष शंभर वर्षांचा नाही, लेखकाची शैलीच तशी आहे.

आता शब्दांकडे येऊ. न कळणारे शब्द दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार कंपाइल एररसारखा. 'शारदा'मधल्या एका प्रसिद्ध पदात म्हाताऱ्या नवरदेवाचं, भुजंगनाथाचं वय 'पाऊणशे' सांगितलंय. दीडशे-सव्वाशे कळणाऱ्या माणसालाही पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर हे चटकन लक्षात येत नाही, आणि तिथल्या विनोदाचा सगळा जीव त्या आकड्यात आहे. 'एकच प्याला'मध्ये सुधाकरची सनद काही काळापुरती जाते. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. हे माहीत नसेल तर हा हुशार, मानी माणूस दारूच्या पहिल्या पेल्यापर्यंत कसा पोचला ते कळत नाही. पण अशा शब्दांची मला काळजी वाटत नाही. शब्द अडला की आपण थांबतो, शेजारच्या आजोबांना विचारतो, शब्दकोश उघडतो. पाच मिनिटांचं काम.

दुसरा प्रकार खरा धोक्याचा. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, फक्त उत्तर चुकीचं देतो. 'चावट' म्हणजे जुन्या मराठीत नको तितकी बडबड करणारा, आगाऊ. आज तो शब्द ऐकला की कान वेगळ्याच कारणाने टवकारतात. 'अतिप्रसंग' म्हणजे मर्यादेबाहेर जाणं, मग ते कशातही असो. आज पेपरात तो फक्त एकाच गुन्ह्यासाठी छापून येतो. पुस्तक उघडल्याबरोबर दिसणारा 'प्रवेश' घ्या. आमच्या पिढीला त्यावरून इंजिनिअरिंगची कॅप राउंड आठवते! असे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून कुणी विचारत नाही, आणि म्हणूनच चुकीचा अर्थ आपण निवांत घरी घेऊन जातो.

आणि याहून खोल एक अडचण आहे. शब्द कळतो, अर्थही तोच असतो, पण वजन कळत नाही. 'घोडनवरी' आज चेष्टेत वापरतात. 'शारदा'च्या काळात कोवळ्या वयातल्या मुलीच्या आई-बापाची त्या एका शब्दाने झोप उडत होती. नाटक आलं त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली जो बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, त्यातही मुलीचं किमान वय १४ च ठेवलं होतं. (त्याला 'सारडा कायदा' म्हणतात ते हरबिलास सारडांमुळे. नाटकाशी नावाचं साम्य हा योगायोग.) नाटकात लग्न थांबतं ते वधू-वर सगोत्र निघाले म्हणून. शारदेची इच्छा नाही, या कारणाने ते कुणी थांबवत नाही. आजच्या प्रेक्षकाला हा तांत्रिक मुद्दा वाटतो. पण मुलीच्या 'नाही'ला किंमत नव्हती आणि गोत्राला होती, हेच तर देवल दाखवतायत. आता हे आजच्या भाषेत लिहायचं म्हणजे नक्की काय बदलायचं?

उलट उदाहरण खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चं (१९०७). कथा महाभारतातली, भाषा भारदस्त, संपूर्ण नाटकात एकही इंग्रज नाही. तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन बघितला, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारलाही ते बरोब्बर समजलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. संदर्भ माहीत असला की भारदस्त भाषा आड येत नाही. आज तेच नाटक सोप्या मराठीत लिहिलं पण कर्झन कोण हे सांगितलं नाही, तर उरेल फक्त एक मारामारी.

म्हणून 'रीराइट' नको. त्याने पहिल्या प्रकारचे, म्हणजे सोपे प्रश्न तेवढे सुटतील. त्यापेक्षा प्रयोगाच्या तिकिटाबरोबर एक पानी कागद द्या. वीस शब्द, चार ओळी काळाबद्दल. बास. नटांना प्रत्येक वाक्याचा अर्थ नीट माहीत असला तर निम्मं काम आवाजच करतो. आणि आपल्यासारख्यांनी एखादा अंक आधी मोठ्याने वाचावा. मोठ्यानेच, कारण गडकऱ्यांचं वाक्य डोळ्यांना जेवढं लांब दिसतं तेवढं कानाला लागत नाही. देवल, गडकरी, खाडिलकर या तिघांचीही नाटकं आता कॉपीराइटमुक्त आहेत, तेव्हा टीपांसकट ती नेटवर चढवायला कुणाची परवानगीही लागत नाही.

हे नाही केलं तर काय होतं ते दिसतंच आहे. नाटक कापत कापत शेवटी नाट्यगीतांची मैफल उरते. पदं छानच आहेत, वाद नाही. पण शारदेवर काय गुदरलं ते कळायला दोन पदांच्या मधलं बोलणं ऐकावं लागतं. नेमकं तेच आपण 'कळत नाही' म्हणून गाळतोय.