इंग्रजी वाचनाचा पाया घरातच घाला

राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. तरी परळ-लालबागच्या चाळींत आम्ही पाहतो, मूल इंग्रजी कविता घडाघडा म्हणते, पण पुस्तक समोर धरले की अडते. पाठ करणे म्हणजे वाचणे नव्हे. असे मूल पुढे गाईड आणि क्लासवरच अवलंबून राहते, आणि क्लासची फी आपल्या कित्येक घरांना झेपत नाही.

सुभेदार रामजींनी बाबासाहेबांचे इंग्रजी घरीच पक्के केले. हॉवर्डची पुस्तके, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून तयार करून घेतली. परळच्या एका खोलीत रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले.

आईबापांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. दादर स्टेशनच्या पाटीवर एकच नाव मराठीत आणि इंग्रजीतही असते. मुलाला विचारा, ‘द’साठी इंग्रजीत कोणते अक्षर, ‘र’साठी कोणते? रोज पंधरा मिनिटे टीव्ही बंद ठेवून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. चुकले तर रागावू नका. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक घरात आहे. त्या फोटोखाली रोज पुस्तकही उघडले पाहिजे.

जयभीम!