टक्के कमी पडले, म्हणून सिनेमा हुकला नाही

बारावीचा निकाल लागला. नाशिक विभागात जळगाव पुढे की धुळे, याची चर्चा दोन दिवस चालेल, गुणवंतांचे पेढे भरवतानाचे फोटो छापून येतील. आज आम्हाला बोलायचे आहे ते पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर थांबलेल्या मुलामुलींविषयी. त्यातही ज्यांनी घरी ‘मला सिनेमा शिकायचाय’ असे सांगून टाकले आहे, त्यांच्याविषयी. अशा घरात पहिला प्रश्न ठरलेला : ‘पिच्चरमा काय ठेयेल शे?’ आणि दुसरा, एवढ्या मार्कांवर चांगल्या ठिकाणी घेणार कोण?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते दिलासा देणारे आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट ही देशातली या विद्येची सर्वांत मानाची संस्था. तिथे दिग्दर्शन किंवा संकलन शिकायला कोणत्याही शाखेची पदवी चालते. निवड होते ती प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून. बारावीच्या टक्क्यांवर यादी लागत नाही. ध्वनिमुद्रणाला मात्र बारावीत भौतिकशास्त्र असावे लागते, हे अकरावीला जाणाऱ्यांनी आताच ध्यानात घ्यावे.

म्हणजे आधी पदवी हवीच. ती जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात घरचे जेवून होते. मराठी, इतिहास, मानसशास्त्र, जे मनापासून वाचता येईल ते घ्यावे.

नागराज मंजुळे दहावीत नापास झाले होते. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले आणि मग नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’, ‘सैराट’ त्यानंतरचे. ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडेही त्याच कॉलेजचे. मुंबई-पुण्याबाहेरच्या, जिल्ह्याच्या गावच्या एका कॉलेजातून हे दोघे आले, याकडे पालकांनी नीट पाहावे.

आणि आपल्या शेजारचे मालेगाव? धुळ्याहून आग्रा रोडने तासाभराची वाट. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. शॉट कशासाठी हलवायचा हे ठाऊक असले की साधन कुठूनही उभे राहते. चाळीसगावात केकी मूस यांनी तर घराबाहेर न पडता, टेबलावर इवल्या वस्तू मांडून आणि प्रकाश हवा तसा वळवून, खरी वाटावीत अशी निसर्गदृश्ये टिपली. त्यांचे कलादालन स्टेशनजवळच आहे. सिनेमा शिकू पाहणाऱ्या खानदेशातल्या मुलाने एक रविवार तिथे घालवावाच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र गोड करून सांगता येणार नाही. या धंद्यात सुरुवातीची वर्षे ओढाताणीची असतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार येईलच असे नाही. म्हणूनच आमची खरी काळजी वेगळी आहे. निकालाच्या हंगामात चकचकीत माहितीपत्रके घरात येतात, ‘मार्कांची अट नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली. अट नसते, फी लाखांत असते. कपाशीच्या पैशावर चालणाऱ्या घराने त्यासाठी कर्ज काढण्याआधी त्या संस्थेत समक्ष जावे. एका कॅमेऱ्यामागे किती मुले? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यांनी स्वतः काय केले आहे? पदवी कोणत्या विद्यापीठाची? शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची फिल्म करायला मिळते का? गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेल्या दोन-तीन फिल्मा तिथेच बसून बघाव्यात, मुलालाही दाखवाव्यात.

त्या दाखवायला जी संस्था टाळाटाळ करील, तिथे एक रुपयाही भरू नका.