'उपयोगी' नावाची फाईल

आमच्या हॉस्टेलवर सीनियरकडून ज्युनियरकडे तीन गोष्टी हमखास येतात. बादली, ड्रॉइंग बोर्ड आणि 'उपयोगी' नावाची टेक्स्ट फाईल. बादली गळकी निघते. ड्रॉइंग बोर्ड दुसऱ्या वर्षापासून पत्ते कुटायच्या कामी येतो. फाईल मात्र बॅचगणिक वाढतच जाते. प्रॉक्सीचं सेटिंग, अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टचे तयार तुकडे, मायएसक्यूएलचा पासवर्ड विसरला तर काय करायचं, डिस्क भरली की कुठलं फोल्डर जागा खातंय ते शोधणारी 'डीयू'ची ओळ... सगळं एकाखाली एक. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. माझ्याकडे आली तेव्हा ती अकराशे ओळींची होती.

या फाईलमुळे माझी दोन सबमिशनं वेळेत झाली हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचं वाचून कोणी मला कॉपी-पेस्टचा शत्रू ठरवू नये. (कॉपी-पेस्टच्या विरोधात असलेला इंजिनिअर मी अजून पाहिलेला नाही. शिकवणारेही त्यातच आले, सर माफ करा.)

आता ती रात्र. गेल्या वर्षी डिपार्टमेंटच्या लॅबमधला जुना सर्व्हर गेला आणि नवा आला. त्यावर फायनल इयरच्या चार ग्रुपना मिळून एकच अकाउंट दिलेलं. देखभाल माझ्याकडे आली, कारण मी 'लिनक्सवाला' म्हणून मिरवायचो. जुन्या सर्व्हरवर टेंपररी फाइल्स साफ करणारी एक स्क्रिप्ट रोज रात्री चालायची. ती 'उपयोगी'तून उचलली, नव्यावर टाकली, क्रॉनटॅबमध्ये रात्री दोनची वेळ लावली आणि मेसमध्ये जेवायला गेलो. स्क्रिप्ट दोनच ओळींची. पहिल्या ओळीत 'सीडी' करून टेंपररी फोल्डरमध्ये जायचं, दुसऱ्या ओळीत 'आरएम -आरएफ स्टार', म्हणजे तिथलं सगळं पुसायचं.

नव्या सर्व्हरवर ते फोल्डरच नव्हतं.

'सीडी' फसली. शेलला त्याचं काही सोयरसुतक नसतं. एक ओळ फसली तरी तो मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातो. आणि क्रॉन काम सुरू करतो ते त्या अकाउंटच्या होम फोल्डरमधून. म्हणजे दुसरी ओळ चालली ती होममध्ये! चार ग्रुपचा कोड, रिपोर्ट, आणि एका ग्रुपने सहा आठवडे लॅबमध्ये बसून घेतलेली पंपाच्या कंपनांची रीडिंग्ज, सगळं साफ. स्क्रिप्ट स्वतःसुद्धा त्यातच पुसली गेली. एरवी काही फसलं की क्रॉन मेल टाकतो, पण आमच्या क्रॉनटॅबच्या ओळीला सगळं आउटपुट '/डेव्ह/नल'मध्ये फेकून देणारं शेपूट होतं. तेही 'उपयोगी'तूनच आलेलं.

"पण बॅकअप असेल ना?" होता की! शेजारच्या लॅबमधलं एक मशीन रात्री तीन वाजता आरसिंकने सगळं ओढून घ्यायचं, आणि त्याला '--डिलीट' हा पर्याय लावलेला. म्हणजे मूळ ठिकाणी जे उरलं नाही, ते प्रतीतूनही काढून टाकायचं. त्यानेही तासाभराने इमानेइतबारे काढून टाकलं. सकाळी उरल्या होत्या त्या फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स, कारण नुसता 'स्टार' त्यांना धरत नाही. त्यात माझ्या कमांड्सची हिस्टरी होती. पुरावा तेवढा शाबूत!

कोड लोकांच्या लॅपटॉपवर थोडाफार सापडला. रीडिंग्ज सापडली नाहीत. त्या ग्रुपमधल्या मुलीने मला एक शब्द ऐकवला नाही. ती पुन्हा रीडिंग घ्यायला बसली आणि शेवटी त्यांचा रिपोर्ट दहा दिवसांच्या रीडिंग्जवर गेला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उपाय किती लहान होता बघा. 'सीडी' आणि 'आरएम' एकाच ओळीत घेऊन मध्ये दोन अँपरसँड. म्हणजे पहिलं जमलं तरच दुसरं कर. किंवा स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई'.

यावर डिपार्टमेंटने सगळ्याच विद्यार्थ्यांचा सर्व्हरवरचा प्रवेश एक सेमिस्टर बंद केला. माझा बंद केला ते योग्यच. सगळ्यांचा केला ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्याने कोणी शहाणं झालं नाही. पोरांनी स्क्रिप्ट्स आपापल्या पेन ड्राइव्हवर नेल्या आणि आपण कुठे आपटलो हे सांगायचंच बंद केलं.

असं आपटणारे आपणच आहोत असंही नाही. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये अशीच चूक उघडी पडली. स्क्रिप्ट स्वतःचं फोल्डर शोधायची, ते नाही सापडलं की व्हेरिएबल रिकामं राहायचं, आणि मग पुसायची ओळ थेट रूटपासून सुरू व्हायची. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच 'भीतिदायक!' अशा अर्थाची कॉमेंट टाकलेली. भीती वाटली, पण कशाची ते लिहिलं नाही. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी उरलं तेव्हा हात थांबला. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती होत्या आणि ऐनवेळी बहुतेक कुचकामी निघाल्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. पण त्या लोकांनी काय केलं? दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर काय काय चुकलं ते सविस्तर छापलं. आपल्याकडे याच्या बरोबर उलट होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नुसती ओळ पुढे देऊ नका, तिचं कारणही द्या. कुठल्या मशीनसाठी लिहिली, आधी काय जागेवर असायला हवं, आणि चुकलं तर मागे कसं यायचं. एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. आमच्या फाईलमध्ये डेटाबेसच्या बॅकअपची एक क्रॉनटॅबची ओळ होती. फाईलच्या नावात तारीख यावी म्हणून तिच्यात टक्क्याची चिन्हं, आणि प्रत्येक टक्क्याच्या आधी एक उलटी रेघ. कोणीतरी 'कचरा' समजून त्या रेघा काढून टाकल्या. क्रॉनटॅबमध्ये सुट्या टक्क्याला नवी ओळ समजतात, त्यामुळे कमांड तिथेच तुटते! टर्मिनलवर करून बघितलं तर ठणठणीत चालायचं, रात्री मात्र बॅकअप नाही. तो 'कोणीतरी' कोण ते सांगत नाही. (एकाच लेखात किती कबुल्या द्यायच्या?)

आता कोणी म्हणेल, एआयला विचारलं की ओळही मिळते आणि कारणही मिळतं, फाईल हवी कशाला? मीही विचारतो, रोज विचारतो. पण आपल्या लॅबमधल्या नव्या सर्व्हरवर ते फोल्डर नाही आणि शेजारचं मशीन तीन वाजता '--डिलीट' लावून ओढतं, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कुठून कळणार? ते कळतं लॅब असिस्टंट काकांना. सगळे केबल आणि सगळे सर्व्हर कुठून कुठे जातात ते त्यांच्या डोक्यात आहे. मी स्क्रिप्ट टाकायच्या आधी त्यांना एकदा विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं. त्यांची माहिती कागदावर उतरवायला मात्र आजवर कोणी बसलेलं नाही. स्टाफपैकी कोणी हे वाचत असेल तर विनंती आहे, टर्म वर्कमध्ये याला दोन-चार मार्क ठेवा. मार्क म्हटलं की पोरं बसतात.

गेल्या सुट्टीत मी आणि रूममेटने मिळून 'उपयोगी' गिटमध्ये टाकली. म्हणजे निदान कोणी काय बदललं ते दिसतं. तीनेकशे ओळींवर टिपा लिहून झाल्या. दीडशे ओळी कशासाठी आहेत ते कोणालाच सांगता आलं नाही, त्या वेगळ्या काढल्यात. बाकीच्या तशाच पडून आहेत. आम्ही दोघं मे महिन्यात पास आउट होतो (देवाची कृपा असेल तर). सेकंड इयरपैकी कोणाला हे पुढे न्यायचं असेल त्याने रात्री दहानंतर रूमवर यावं. चहा आमच्याकडून, बिस्किटं स्वतःची आणावीत.